आईच्या आवाजामागची कुकरची शिट्टी

पत्राचा सारांश: पत्र नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या ५२ वर्षांच्या वाचक बाईंचं आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या आईला जाऊन वर्ष होईल. आई निफाड तालुक्यातली. लग्न होऊन पंचवटीतल्या एका वाड्यात आली आणि काम करता करता जन्मभर गात राहिली. भूपाळ्या, ओव्या, भोंडल्याची गाणी. १९९० च्या सुमारास धाकट्या भावानं नव्या टू-इन-वनवर तिला न सांगता एक कॅसेट भरली, बावीस मिनिटांची. मागे कुकरच्या शिट्ट्या, नळाचं पाणी, वडिलांचा खोकला. शेवटी आईच्या लक्षात येतं आणि ती म्हणते, "बंद कर रे ते, सेल जळतात." तिथे रेकॉर्डिंग संपतं. वाडा पाडला गेला. आईचं गाणं आता या कॅसेटखेरीज कुठेही नाही. पुण्याला असणाऱ्या भावाला मागचे आवाज काढून, खाली तानपुरा-तबला घालून ते वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर वाजवायचं आहे. बाईंना हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना खाते. आई गेल्यावर त्यांनी कॅसेट दोनदा ऐकली. पहिल्यांदा ढसाढसा रडल्या. दुसऱ्यांदा रडू आलंच नाही, आपला कुकर लावायचा राहिलाय हे मात्र आठवलं. "ऐकून ऐकून आठवण झिजते का हो? मी घाबरून कॅसेट कपाटात कुलपात ठेवली. मला गाता येत नाही. शाळेत गॅदरिंगला बाई म्हणाल्या होत्या, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी गायलेच नाही. म्हणजे आईचं गाणं या कॅसेटबरोबरच संपणार. काय करू?"

ताई,

बाकी सगळं नंतर. आधी ती कॅसेट कुलपातून बाहेर काढा.

तुम्ही ती जपण्यासाठी आत ठेवलीत, पण कपाटातली कॅसेट नुसती नजरेआड होते. फितीवरचा चुंबकीय थर तिथल्या तिथे म्हातारा होत असतो, आणि बंद कपाटात बुरशी धरायला नाशिकचा एक पावसाळा पुरतो. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढुरकी भुकटी दिसली, तर ती वाजवू नका. जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करणाऱ्या माणसाच्याच हातात द्या. तसं काही नसेल तर पहिलं काम अर्ध्या मिनिटाचं आहे. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या जिभा असतात. त्या मोडून टाका. मग टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही, आणि आईच्या आवाजावर भलतंच काही भरलं जायची भीती उरत नाही. हसू नका. आमच्या घरी आजोबांच्या अभंगावर अर्ध्या तासाचं क्रिकेटचं धावतं वर्णन भरलं गेलंय. ते कुणी केलं, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

माळ्यावरचा जुना टेप काढून थेट त्यात ही कॅसेट घालू नका. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत चिकट तरी झालेला असतो नाही तर सैल तरी, आणि टेपनं कॅसेट खाल्ली म्हणजे काय होतं ते पेन्सिलीनं रीळ फिरवलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघा. ती सुखरूप बाहेर आली, की आपली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत मोकळी होते. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडायची. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, तुमची मुलगी दहा मिनिटांत शिकेल. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपीथ्री आकारानं लहान असते, कारण ती करताना आवाजाचा काही भाग टाकून दिलेला असतो. मध्ये न थांबता सलग भरून घ्या. या पहिल्या फाइलला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. तिच्या तीन प्रती, तीन ठिकाणी: तुमच्याकडे, भावाकडे, मुलीकडे.

कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. तुमची बावीस मिनिटं म्हणजे जेमतेम ६३ मीटर फीत. एवढ्याशा फितीवर एक आख्खं स्वयंपाकघर बसलंय, म्हणून हे इतक्या बारकाईनं सांगितलं.

आता झिजण्याचं.

फीत झिजते. प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते, म्हणूनच वरचा उपद्व्याप. त्यावरून तुम्ही मनाचा हिशेब मांडलात, की रडू कमी आलं म्हणजे आठवण कमी झाली. हा हिशेब मला मान्य नाही. दुसऱ्यांदा ऐकताना तुम्हाला आपला कुकर आठवला, असं तुम्ही लिहिलंत आणि त्याची लाज वाटल्याचंही लिहिलंत. अहो, त्या बावीस मिनिटांत तुमची आईसुद्धा कुकरच बघत होती! पहिल्या वेळी तुम्ही तिच्या जाण्यापाशी होता. दुसऱ्या वेळी तिच्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिलात. मला तरी दुसरी वेळ जास्त जवळची वाटते.

तरीही तुमच्या भीतीत काहीच तथ्य नाही, असं म्हणणार नाही. वडील गेल्यावर मी त्यांचं आवडतं भजन मोबाइलच्या गजराला लावलं. रोज पहाटे त्यांची आठवण यावी हा उदात्त हेतू. तीन महिन्यांत त्या भजनाचे पहिले चार सूर ऐकले की मला वडील आठवेनात, फक्त झोपमोडीचा राग येई. आठवण बाहेर काढली की परत ठेवताना तिला आजचं काहीतरी चिकटतं, असं स्मृतीचा अभ्यास करणारेही सांगतात. गाण्याचं तर जास्तच. जे गाणं रिक्षात, लिफ्टमध्ये, रिंगटोनवर, स्टेटसवर सगळीकडे वाजतं, ते शेवटी कुठलंच राहत नाही. म्हणून आईचं गाणं फोनच्या गजराला लावू नका आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढकलू नका. तिथे ते 'शुभ सकाळ'च्या दोन गुलाबांमध्ये सापडेल. त्याला एखादी जागा द्या. रविवारी सकाळी, ओट्याशी, भाजी निवडताना. हाताला काम असू दे.

हाताला काम असू दे, असं मी मुद्दाम म्हणते. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे म्हणतात. आपण ते वेळ आली की जमतं या अर्थानं वापरतो, पण मला त्याचा सरळ अर्थही तितकाच खरा वाटतो. दगडाची घरघर, खुंट्यावरचा हात आणि पाठीचा झोका यांच्याबरोबर ओवी मनात शिरलेली असते आणि त्यांच्याबरोबरच बाहेर येते. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना काठावर आल्यावर कमी आठवत, पुन्हा पाण्याखाली गेल्यावर जास्त आठवत. आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी "मग त्यात काय नवं" असं म्हणून पुढचा घास जात्यात टाकला असता. तेव्हा ताई, सोफ्यावर डोळे मिटून, उदबत्ती लावून ऐकाल तर रडू येईल. पोळ्या लाटताना ऐकाल तर कदाचित पुढची ओळ येईल.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, तिकडे येते. "मला गाता येत नाही."

कोण म्हणालं? चाळीस वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या धांदलीत असलेल्या एका बाई. त्यांना तीस मुली एका पट्टीत हव्या होत्या. त्यांची गरज मी समजू शकते, वाक्य माफ करायला मात्र वेळ लागेल. तुम्ही पंचवटीत वाढलात. तिथेच विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय १९२१ साली नाशकातच जन्मले. या गावाला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू करून विष्णु दिगंबरांनी गाणं घराण्यांच्या कुलपातून काढून चारचौघांच्या वर्गात आणलं. मोठंच काम. पण वर्ग आला की परीक्षा येते, आणि परीक्षा आली की गाता येणारे आणि न येणारे अशी माणसं दोन रांगांत उभी राहतात. यात त्यांचा दोष नाही, तो रांगा लावण्याच्या आपल्या हौसेचा. तुमची आई यांतल्या कुठल्याच रांगेत नव्हती. तिला गाणं 'येतं' का, असं कुणी विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. पीठ मळता येतं का, असं कुणी विचारतं का?

ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते. तिला पट्टी लागत नाही, हाताची लय लागते. तुम्ही बेसूर असाल. आईही थोडी असेल, कॅसेट नीट ऐका. तुमच्या मुलीनं उद्या तुम्हाला भांडी लावताना गुणगुणताना ऐकलं, तर ती तुमचे सूर मोजणार नाही. आईचं गाणं कॅसेटबरोबर संपेल, असं तुम्हाला वाटतं, कारण ते फक्त कॅसेटमध्येच आहे हे तुम्ही धरून चाललात. मला शंका आहे. ओट्याशी उभ्या राहा, कॅसेट न लावता, आणि बघा तुमच्यात किती निघतं ते. मुलगी कॉलेजला गेल्यावर करा हवं तर.

भावाविषयी. पत्रभर तो तुमच्याविरुद्ध उभा आहे. पण रेकॉर्डचं बटण दाबणारा पोरगा तोच होता ना? आईचं गाणं ठेवून द्यावं, असं त्या घरात फक्त त्याला सुचलं. आज पुण्यात बसून त्याला आईसाठी अजून काहीतरी करायचंय, आणि त्याला जमणारी गोष्ट दुरुस्ती ही आहे. काही माणसं शोकात घर रंगवायला काढतात, त्यातलाच हा प्रकार. त्याला "तू आईचं गाणं बिघडवतोयस" असं म्हणू नका.

पण का पटत नाही ते सांगता येत नाही म्हणता, तर ते मी सांगून बघते. फितीची खरखर काढणारं तंत्र खरखर आणि 'श', 'स' यांतला फरक नीट ओळखत नाही. जास्त घासलं की दोन ओळींमधला श्वास जातो, 'स' बोथट होतो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. तानपुरा घालायचा तर आई एका पट्टीत स्थिर हवी. काम करणारी बाई तशी नसते, वाकली की सूर खाली येतो, उठली की वर जातो. मग आईला तानपुऱ्याला जुळवून घ्यावं लागेल, म्हणजे यंत्र तिचे सूर ओढून सरळ करेल. जे बाहेर येईल ते छान असेल. पण ती तुमची आई नसेल, तुमच्या आईसारखा आवाज असणारी एक गायिका असेल. आणि मागचे आवाज? वाडा पाडला, वडीलही बहुधा गेले असावेत, त्यांचा उल्लेख तुम्ही फक्त खोकल्यापुरता केलात. तो नळ, ती शिट्टी, तो खोकला ही त्या वाड्याची उरलेली एकमेव खोली आहे. कचरा म्हणून काढायच्या यादीत भावानं वडिलांचा खोकला टाकलाय, हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. त्याला एवढंच सांगा. फोन करून, निरोप लिहून नव्हे.

मूळ प्रत तीन ठिकाणी सुरक्षित झाली की तुमच्यातलं अर्धं भांडण मिटतं. दुसऱ्या प्रतीवर त्याला तानपुरा घालायचा असेल तर घालू द्या. त्यालाही रडायला जागा हवी.

राहिला वर्षश्राद्धाचा कार्यक्रम, आणि इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. आईनं हे कुणासाठी म्हटलं होतं? चाळीस पाहुण्यांसाठी नक्कीच नव्हे. ओवी ही बायकांची बोलायची जागा होती. सासरी तोंडानं म्हणता येत नसे ते पीठ पडता पडता म्हटलं जाई. माहेरचा भाऊ, दूरची लेक, नवऱ्याचा राग, सासूचा जाच आणि मधूनच विठ्ठल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही वाचल्या तरी कळतं, की या माउल्या देवाइतकंच घरातल्या माणसांनाही खडसावत होत्या. तुमच्या बावीस मिनिटांत काय काय आहे, ते तुम्ही शब्द लावून ऐकलंय का? रडत ऐकताना शब्द कानात शिरत नाहीत. समजा त्यात तुमच्या आजीबद्दल एखादी झोंबरी ओवी निघाली आणि पहिल्या रांगेत आत्या बसलेल्या असल्या, तर? तानपुऱ्यासकट?

आईला न विचारता भरलेली कॅसेट आहे ती. तिनं स्वतः "बंद कर" म्हटलंय. बंधन म्हणून नाही, पण तिच्या या शब्दाला थोडा मान असावा, असं मला वाटतं.

म्हणून वर्षश्राद्धाआधी एक फेरी करा. निफाडकडे आईची कुणी बहीण, वहिनी, मैत्रीण आहे का? असेल तर या रविवारीच जा. भाऊ येत असेल तर त्यालाही न्या, येईल तो. मावशीला फोनमध्ये घेतलेली मूळ प्रत ऐकवा, फक्त तिला, तिच्या घरात. जिथे आईचे शब्द पुसट झालेत तिथे ती भरेल. "इथं ती चुकली, आमच्याकडे असं म्हणायचे" असं सांगेल. वहीत लिहून घ्या. बहिणाबाईंची गाणी आज आपल्याजवळ आहेत, कारण त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवून घेतली. बाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं. मावशीनं तोंड उघडलं की तिचंही भरून घ्या, पण तिला विचारून. फोन विमान मोडवर टाका, नाही तर मधोमध कुणाचा तरी कर्जाचा कॉल येतो. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. "गा बरं" असं म्हणून खुर्चीत बसवू नका, लाजेल. शेंगा फोडायला घ्या, तुम्हीही फोडा. पहिल्या ओवीला अर्धा तास लागेल. शेवटी तिचं नाव, गाव आणि तारीख तुमच्या आवाजात बोलून ठेवा, फाइलींची नावं पुढे कुणालाच कळत नाहीत.

ज्यांच्याकडे कॅसेट नाही पण माणूस आहे, त्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. घरात विसरभोळेपणाचा आजार झालेलं कुणी असेल तर त्यांच्या तरुणपणातली, साधारण पंधरा ते पंचवीस वयातली गाणी हळू आवाजात लावून बघा. तो काळ मनात सगळ्यात खोल रुतलेला असतो. लेकीचं नाव न आठवणारी माणसं कधी कधी आख्खं कडवं म्हणतात. औषध नव्हे ते. दहा मिनिटं बरी जातात, आणि त्या घरात दहा मिनिटंही पुष्कळ असतात. चेहरा त्रासिक झाला तर लगेच बंद करा, प्रत्येकाचं तरुणपण सुखाचं नसतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी काहीतरी वाजलंच पाहिजे, असा भावाचा आग्रह राहिला तर स्वयंपाकघरात वाजवा. पाहुणे यायच्या आधी, सकाळी, वड्यांचं पीठ कालवताना. तुम्ही, भाऊ, मुलगी, मावशी. मूळ प्रत, आवाज बेताचा. आणि त्याला सांगा, सुरुवातीचं आणि शेवटचं काही कापायचं नाही. सेल जळतात ते जळू देत.